गिळताना घसा दुखतो? घरचा उपाय कुठवर आणि दवाखाना केव्हा

हवा बदलली की वस्तीत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. "घास उतरत नाही, थुंकी गिळली तरी टोचतं." बहुतेक वेळा हे दुखणे आठवडाभरात बरे होते. पण कधी कधी हीच मोठ्या आजाराची पहिली खूण असते. दोन्हींतला फरक घरच्या माणसांना कळला पाहिजे, म्हणून हा पाठ.

नेहमीचे कारण : सर्दीचे विषाणू

नाक वाहते, शिंका व खोकला येतो, आवाज बसतो आणि सोबत घसा दुखतो. हा विषाणूंचा त्रास असतो. त्यावर अँटिबायोटिक गोळ्या काहीच काम करत नाहीत. विश्रांती, पाणी आणि घरची काळजी पुरेशी होते. चुलीचा, कचरा जाळल्याचा किंवा मच्छर अगरबत्तीचा धूर, तसेच विडी-सिगारेट यांनीही घसा सोलवटतो.

मुलांचा घसा आणि हृदय

5 ते 15 वर्षांच्या मुलाला एकाएकी ताप आला, गिळताना खूप दुखते, पण सर्दी-खोकला नाही. टॉन्सिल लालभडक सुजलेले आहेत, त्यावर पांढरे ठिपके आहेत, जबड्याखाली गाठी दुखतात. अशा वेळी स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूंची शंका घ्यावी. एका खोलीत सहा-सात जण झोपतात तिथे हे जंतू लवकर पसरतात.

उपचार झाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर असे सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. पुढे जिना चढताना धाप लागते. मुलींच्या बाबतीत तर पहिल्या बाळंतपणात हा आजार उघडकीस येतो, तेव्हा आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो.

हे टाळता येते. दुखणे सुरू झाल्यापासून 9 दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाले, तर हा ताप बहुधा येतच नाही. डॉक्टर साधारणपणे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या 10 दिवस देतात. दोन दिवसांत बरे वाटते आणि उरलेल्या गोळ्या फळीवर राहतात, हे आम्ही वस्तीत नेहमी पाहतो. ताप उतरला म्हणजे जंतू मेले असे नाही. कोर्स पूर्ण करा. मेडिकलमधून मनाने दोन-चार गोळ्या आणून देऊ नका.

मोठ्या माणसांची इतर कारणे

- *गोळी अडकणे :* कोरडी गोळी गिळून लगेच आडवे झाले तर ती अन्ननलिकेत चिकटते व जखम करते. पावसाळ्यात लेप्टोसाठी देतात ती डॉक्सिसायक्लिन यात पुढे आहे. गोळी बसून, पेलाभर पाण्यासोबत घ्यावी आणि अर्धा तास आडवे होऊ नये.
- *आम्लपित्त :* छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणे. रात्री उशिरा जेवून लगेच झोपल्याने वाढते.
- *तोंडातील बुरशी :* जिभेवर, टाळूवर दह्यासारखा पांढरा थर. मधुमेह, एचआयव्ही किंवा दम्याचा पंप असणाऱ्यांत होते. पंप घेतल्यावर चूळ भरावी.
- *कर्करोग :* तंबाखू, गुटखा, मशेरी, विडी, दारू यांची सवय आहे आणि दुखणे तीन आठवड्यांहून जास्त टिकले, आवाज घोगरा राहिला, गळ्यात गाठ आली किंवा भाकरीचा घास अडकू लागला, वजन उतरले, तर लाजू नका, थांबू नका. लवकर सापडलेला कर्करोग बरा होऊ शकतो.

घरी काय करावे

1. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या. ज्याला गुळणी जमते त्यालाच द्यावी.
2. घोट घोट पाणी सतत. भाताची पेज, मऊ खिचडी, मुगाचे पातळ वरण. तिखट व कडक भाकरी नको.
3. दुखणे आणि तापासाठी पॅरासिटामॉल. मुलांना दर किलो वजनाला 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या मुलाला 200 ते 300. दोन डोसांत 6 तासांचे अंतर ठेवा.
4. हळदीचे दूध, मध यांनी आराम पडतो, जंतू मरत नाहीत. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नका.

काय करू नये

"पडजीभ पडली" म्हणून बोट घालून दाबू नका, राख-चुना लावू नका. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. लहान खोलीत उकळत्या पाण्याच्या वाफाऱ्याने मुले भाजतात, तोही नको.

ताबडतोब दवाखाना

- थुंकीही गिळता येत नाही, लाळ गळते
- श्वास घेताना आवाज येतो, धाप लागते
- तोंड उघडत नाही, एका बाजूला सूज आहे
- घशात राखाडी-पांढरा पापुद्रा दिसतो किंवा मान सुजली आहे : घटसर्प असू शकतो
- मूल सुस्त पडले आहे, बराच वेळ लघवी झालेली नाही
- मुलाने बटणासारखी बॅटरी गिळली किंवा संडास धुण्याचे ॲसिड प्यायले. उलटी करवू नका

अशा वेळी 108 ला फोन करा. एवढे गंभीर नसले तरी मुलाला वर सांगितल्यासारखी लक्षणे असतील, किंवा कुणाचाही ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा.

घटसर्पाची लस सरकारी केंद्रात मोफत मिळते : दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, मग 16 ते 24 महिन्यांत, 5-6 वर्षांना, 10 आणि 16 वर्षांना. आजच मुलांची कार्डे काढून पाहा. एखादा डोस राहिला असेल तर आशाताईंना सांगा.