पुडा कां फाटत नाहीं ?



गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. सायंकाळीं शाळेंतून घरीं परतलों, तों आमच्या मातोश्री ओसरीवर बसून बिस्किटांचा एक पुडा उलटसुलट करून पाहत होत्या. त्यांचें वय ८५ वर्षांचें. बोटांच्या सांध्यांस सूज. "मले तं हा पुडा काही फाटे ना बाबू, अन् दांत तं राहिलेच नाही," असें त्या हसत हसत म्हणाल्या. दुपारच्या चहाबरोबर त्यांनीं कांहींच खाल्लें नव्हतें. शेजारीं हाक मारावयाची, तर एवढ्याशा कामासाठीं काय कोणास बोलवावें, असा त्यांस संकोच वाटला. मीं पुडा घेतला आणि दोन्ही हातांनीं जोरानें ओढला. प्रथम कांहींच झालें नाहीं. दुसऱ्याच क्षणीं तो वरपासून खालपर्यंत उभा चिरला, आणि सर्व बिस्किटें अंगणांतील चिखलांत पडलीं. त्या दिवशीं आमच्या घरीं बिस्किटें कोणींच खाल्लीं नाहींत.

प्रसंग क्षुल्लक आहे, हें मला मान्य आहे. परंतु स्वतःच्या घरांत, स्वतःच्या पैशानें घेतलेलें अन्न समोर असतां एखादें वृद्ध मनुष्य केवळ वेष्टनामुळें उपाशी बसतें, ही गोष्ट मात्र मला क्षुल्लक वाटेना. म्हणून या पुड्याचाच धडा वर्गांत घ्यावयाचें मीं ठरविलें. तोच येथें देत आहें.

प्रथम एक प्रयोग करा. खाऊच्या रिकाम्या, चकचकीत पुडीचा गुळगुळीत कांठ असलेला एक तुकडा घ्या. कांठ दोन्ही हातांच्या चिमटींत धरून ओढा. तो ताणला जाईल, बोटें दुखतील, पण फाटणार नाहीं. आतां त्याच कांठावर कात्रीनें दोन मिलिमीटरांची बारीक खांच पाडा आणि पुन्हां ओढा. पुडी कागदासारखी सरकन् फाटेल. पुडी तीच, हात तेच. मग एवढें अंतर कशानें पडलें?

केंब्रिजचे सी. ई. इंग्लिस यांनीं १९१३ साली याचें गणित मांडून दाखविलें. त्यांच्यासमोर प्रश्न होता जहाजांच्या लोखंडी पत्र्यांचा. परंतु नियम आपल्या पुडीसही लागू पडतो. पत्रा ताणला असतां ताण सर्वत्र सारखा वांटला जातो. पण मध्यें लांबट छिद्र असेल, तर त्याच्या टोंकाशीं तो गोळा होतो. छिद्राची लांबी रुंदीच्या दहापट असेल, तर टोंकाशीं ताण एकवीसपट होतो. म्हणजे खांच जितकी लांब आणि टोंकदार, तितकें बोटांचें काम हलकें.

आतां दुसरी गोष्ट पाहा. या पुड्या बहुधा पॉलिप्रॉपिलीन नांवाच्या प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याच्या असतात. कारखान्यांत तो पापुद्रा उभा व आडवा असा दोन्ही दिशांनीं ताणून घेतात. त्यामुळें त्यास बळकटी येते. अशा पापुद्र्यांत चीर सुरू होणें फार कठीण. परंतु ती एकदां सुरू झाली, कीं थांबत नाहीं. आमचीं बिस्किटें चिखलांत कां गेलीं, याचें उत्तर यांतच आहे. चीर पडेपर्यंत मीं सर्व बळ एकवटलें, आणि ती पडली तेव्हां तें बळ आंवरण्यास वेळच उरला नाहीं.

पुडीच्या कांठास करवतीसारखे दांते असतात, ते शोभेसाठीं नव्हेत. प्रत्येक दोन दांत्यांमधील कोन ही एक लहानशी खांचच होय. मग ती उपयोगी कां पडत नाहीं ? कित्येकदां चीर आंत न शिरतां जोडाच्या कडेकडेनें धांवते. आपल्या हातीं एक लांब पट्टी येते आणि पुडा जसाच्या तसा बंद राहतो! कोठें "येथें फाडा" असें लिहिलेलें असतें, पण तें शोधण्यासच चष्मा लागतो.

कारखानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. आपल्या भंडारा जिल्ह्यांतील पावसाळा तुम्हांस ठाऊक आहे. आसगांवांत आषाढ-श्रावणांत उघडा पापड तासाभरांत मऊ पडतो. दमट हवा, मुंग्या, उंदीर आणि मालमोटारींतील हिसके यांतून माल कोरडा आणावयाचा, तर जोड पक्का हवाच. पूर्वीचे पळसाच्या पानांचे द्रोण आणि दोरा गुंडाळलेली रद्दी कागदाची पुडी उघडण्यास सोपी होती खरी. पण छापील कागदाची शाई अन्नास लागते, म्हणूनच २०१८ च्या नियमांनीं वर्तमानपत्रांत अन्न बांधण्यास मनाई केली आहे. जुनें तें सर्वच सोनें नव्हे.

मात्र बंद करणाऱ्यानें उघडणाऱ्याचा विचार मागाहून करावा, ही खोड फार जुनी आहे. पीटर ड्युरंड यांनीं पत्र्याच्या डब्यांत अन्न टिकविण्याचें पेटंट इंग्लंडांत १८१० साली घेतलें. डबा उघडण्याच्या हत्याराचें पेटंट अमेरिकेंत एझ्रा वॉर्नर यांस मिळालें तें १८५८ साली ! मधल्या काळांत लोक छिनी आणि हातोडा वापरीत. पुढें १९५९ साली अर्मल फ्रेझ नांवाचे गृहस्थ वनभोजनास गेले असतां हत्यार घरीं विसरले आणि मोटारीच्या लोखंडी दांड्यावर डबे फोडूं लागले. त्यांतून कडी ओढून उघडणाऱ्या झांकणाची युक्ति निघाली.

लोणच्या-मुरंब्याच्या बरणीचें झांकण फिरत नाहीं, त्यास कारण निराळें. ऊन ऊन जिन्नस भरून झांकण लावलें, कीं आंतील वाफ निवते आणि पोकळी होते. ७ सेंटिमीटर व्यासाच्या झांकणाचें क्षेत्रफळ सुमारें ३८ चौरस सेंटिमीटर. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें १ किलोग्रॅम. आंत निम्मी हवा उरली असें धरलें, तर झांकणावर १९ किलोग्रॅमांचें ओझें बसलेलें असतें. चमच्याच्या टोंकानें कड किंचित् उचलून हवा आंत जाऊं दिली, कीं तें ओझें नाहींसें होतें. मनगटाची परीक्षा पाहण्याचें कारण नाहीं. तेलाच्या डब्यास दोन छिद्रें कां पाडतात, तें आतां तुमचें तुम्हीच सांगा.

उघडण्याइतकाच वाचण्याचा प्रश्न आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. तारीख बहुधा चकचकीत घडीवर, पुसट ठिपक्यांनीं छापलेली असते. वेष्टनावरील मजकूर ठळक व वाचनीय असावा, असें २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम सांगतात. परंतु तो हिंदींत किंवा इंग्रजींत असला म्हणजे पुरे. मराठी ऐच्छिक आहे. तेव्हां ज्या घरीं आजीच नातवंडास भरविते, तेथें शिळें काय आणि ताजें काय, हें तिला कोणीं सांगावें ? मुलांनो, पुडा घरीं येतांच ती तारीख मोठ्यानें वाचून दाखविणें, हें काम तुमचें आहे.

मनांत आणलें तर सुधारणा होते, याचें एक उदाहरण पाहा. शाकाहारी पदार्थावर हिरवें व मांसाहारी पदार्थावर तपकिरी वर्तुळ छापीत. ज्यांस हे रंग वेगळे ओळखतां येत नाहींत, त्यांस दोन्ही सारखींच दिसत. २०२० च्या नियमांत तपकिरी वर्तुळाचा त्रिकोण करण्यांत आला. खर्च जवळजवळ कांहींच नाहीं; कोणींतरी त्या लोकांच्या डोळ्यांनीं पाहिलें, इतकेंच.

आमच्या घरीं आतां मातोश्रींच्या उशाशीं सैल झांकणाचा एक पितळी डबा ठेवला आहे. पुडा घरांत आला, कीं कात्रीनें कापून त्यांत रिकामा करावयाचा, असा नियम आहे. पावसाळ्यांत बिस्किटें दोन दिवसांत मऊ पडतात. पण त्यांस तीं मऊच आवडतात.