मनांतील विचार आणि हातांतील कृति



मागील वर्षीं नीतिपाठाच्या तासाला एका मुलानें मला विचारलें, "गुरुजी, माझ्या मनांत वाईट विचार येतात, पण मी तसें वागत नाहीं, मग मी चांगला कीं वाईट?" कांहीं मुलें हंसलीं. मला मात्र हंसूं आलें नाहीं. हा प्रश्न पुष्कळदां थोरांनाहि सुटलेला नसतो.

मन शुद्ध असलें म्हणजे मनुष्य चांगला, असें कोणी म्हणेल. तर मग माझीच गोष्ट ऐका. माझ्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ आजारी होते. त्यांच्याजवळ घटकाभर बसावें, असें मीं पंधरा दिवस रोज मनांत आणिलें. एके सकाळीं ते वारल्याची वार्ता आली. माझ्या पंधरा सद्विचारांनीं त्यांस पाण्याचा एक घोटहि पाजिला नव्हता !

मग केवळ कृतीवरूनच निवाडा करावा काय ? तेंहि पुरें पडत नाहीं. चुकून दुसऱ्याची छत्री उचलणारास आपण चोर म्हणत नाहीं. आणि पाटीवर नांव लागावें एवढ्याचसाठीं दान देणाऱ्यास उदार म्हणतांना आपली जीभ अडखळते.

या कोड्याचा उलगडा करणारी एक गोष्ट आपल्याच जिल्ह्यांत घडली आहे. बल्लारपुराहून वर्ध्याकडे जाणारी आगगाडी चंद्रपूर व भांदक मागें टाकून वरोड्यास पोहोंचते. तेथें मुरलीधर देविदास आमटे वकिली करीत. गांवांतील मैला स्वतःच्या डोक्यावरून वाहण्यासहि ते कचरले नव्हते. एकदां भर पावसांत त्यांस तुळशीराम नांवाचा महारोगी रस्त्याकडेला मरणोन्मुख पडलेला दिसला. त्याचें झडलेलें शरीर पाहून हा निर्भय मनुष्य भ्याला आणि घरीं पळून गेला. परंतु त्यांस चैन पडेना. ते परत आले, तुळशीरामास आडोसा करून दिला, त्यास खाऊं घातलें व अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. पुढें कलकत्त्यास जाऊन ते या रोगाची चिकित्सा शिकले. १९४९ सालीं त्यांनीं महारोगी सेवा समिति स्थापिली आणि वरोड्याजवळच्या माळावर आनंदवन उभें राहिलें. औषधानें आज हा रोग बरा होतो. त्या काळीं मात्र रोग्यास घरचे लोकहि दूर लोटीत. २००८ सालीं बाबा निवर्तले. आनंदवन आजहि उभें आहे.

आतां विचार करा. भीति बाबांनीं बोलाविली नव्हती. ती आपण होऊन आली. ते पळाले, हेंहि खरें, आणि तें त्यांनीं स्वतःच लोकांस सांगितलें. पण ते तेथेंच थांबले नाहींत. भीति गेल्यावर त्यांनीं सेवा आरंभिली असें नव्हे. सेवा करतां करतां भीति गेली. विचार कृतीस जन्म देतो हें आपण जाणतों. कृति विचारास शुद्ध करते हें मात्र विसरतों.

प्रभु येशूच्या दृष्टांतांतील दोन पुत्र आठवा. एकानें बापास "जात नाहीं" म्हटलें, पण मागाहून पस्तावून तो मळ्यांत कामास गेला. दुसरा "जातों" म्हणाला आणि गेलाच नाहीं. बापाची इच्छा कोणी पाळली, हें लहान मूलहि सांगेल.

म्हणून त्या विद्यार्थ्यास माझें उत्तर असें : बाळ, दारांत आलेल्या प्रत्येक विचाराबद्दल तूं दोषी नाहींस, ज्यास तूं पाट मांडून बसवितोस, त्याबद्दल आहेस. आणि चांगला विचार आला तर त्यास उद्यांचा वायदा देऊं नकोस.

पालकांसहि एक विनंति. मुलानें मनांतील वाईट विचार बोलून दाखविला तर एकदम रागावूं नये. "मग तूं काय केलेंस ?" एवढेंच शांतपणें विचारावें.

माझ्या शेजाऱ्याचें दार आतां बंद आहे. तुमच्या शेजारचें अजून उघडें असेल. आज शाळा सुटल्यावर तेथें जा.