रस्त्यावरचा इंद्रायणी : फसगत आणि खबरदारी

इंद्रायणी हा मावळाचा तांदूळ. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून हा वाण तयार झाला आणि १९८७ मध्ये प्रसारित झाला. शिजताना घरभर पसरणारा सुवास आणि मऊ, आसट भात ही त्याची ओळख. पर्यावरणाचा विचार करून अन्न निवडणाऱ्या पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला हा जवळचा तांदूळ योग्य वाटतो. लोणावळ्याच्या आसपास जुन्या महामार्गावरचे काही विक्रेते याच भावनेचा गैरफायदा घेतात.

प्रस्तुत लेखकाची फसवणूक अशीच झाली. जुलैमधल्या एका रविवारी ‘आमच्याच शेतातला, बिनखताचा, नवा इंद्रायणी’ म्हणून १० किलोंची पिशवी गळ्यात मारण्यात आली. मूठ नाकाशी धरली तेव्हा घमघमाट होता. घरी तो पहिल्याच धुण्याच्या पाण्याबरोबर गेला आणि भात झाला फडफडीत, शीत न् शीत सुटे. चूक ध्यानात आली ती ताटावर बसल्यावर. त्याच दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचरांत माणसे वाकून लावणी करत होती. जे भात अजून चिखलात रोवले जात होते, त्याचा ‘नवा’ तांदूळ पिशवीत येणार कुठून? पुढच्या रविवारी पिशवी परत नेली, तर विक्रेत्याने ओळखही दाखवली नाही. ‘वास घेऊनच घेतलात ना?’ एवढे बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला आणि तेच सांगू लागला : ‘आमच्याच शेतातला.’ पैशांपेक्षा हे जास्त लागले. पावसात राबणाऱ्या मावळी शेतकऱ्याचे नाव तिथे दिवसाढवळ्या विकले जात होते.

म्हणून पहिली खबरदारी हंगामाची. मावळात भाताची कापणी दिवाळीच्या सुमारास होते. झोडणी आणि भरडणी झाल्यावरच नवा तांदूळ मिळतो. पावसाळ्यात मिळणारा अस्सल इंद्रायणीही मागील हंगामाचाच असतो, आणि प्रामाणिक विक्रेता तसे सांगतो. दुसरी खबरदारी, कोरड्या तांदळाच्या वासावर विसंबू नये. आधी १ किलो घेऊन शिजवून पाहावा, मग वर्षाचा भरावा. गाव कोणते, भात कोणत्या गिरणीत भरडले, हे विचारावे. शेतकरी पटकन सांगतो, व्यापारी विषय बदलतो.

तिसरी खबरदारी ‘सेंद्रिय’ या शब्दाची. २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया प्रमाणन लागते आणि वेष्टनावर ‘जैविक भारत’ चिन्ह असते. स्वतः पिकवून थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला यातून सूट आहे. दुसऱ्याचा माल विकणाऱ्याला नाही.

जवळचा तांदूळ म्हणजे आपोआप पर्यावरणपूरक, हेही खरे नाही. भाताचा मोठा भार वाहतुकीपेक्षा शेतात पडतो : पाणी साचलेल्या खाचरातून मिथेन वायू निघतो आणि फोकलेला युरिया बराचसा वाया जातो. त्यामुळे लागवडीची पद्धत विचारणे महत्त्वाचे. चारसूत्री पद्धतीत भाताचा पेंढा किंवा तुसाची राख जमिनीत जाते, गिरिपुष्पाचा पाला हिरवळीचे खत होतो, रोपे नियंत्रित अंतरावर लावतात आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध खोचतात. खत कमी लागते. रोपवाटिकेसाठी राब भाजला की गादीवाफा केला, हेही विचारावे. राबासाठी झाडांच्या फांद्या तोडून जाळाव्या लागतात.

आठवड्यातून एक-दोनदा भाताऐवजी नाचणीची भाकरी किंवा वरईचा भात करावा. ही पिके डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत, साचलेल्या पाण्याशिवाय येतात. भात लागेल तेवढाच शिजवावा. विश्वासाचा शेतकरी सापडला की घासाघीस न करता दरवर्षी त्याच्याकडूनच घ्यावा, आणि एकदा खोटे बोललेल्या विक्रेत्याकडे पुन्हा थांबू नये.