पोटखराब्यावर देशी झाडी

सातबाऱ्यावर जी जमीन "पोटखराबा" म्हणून लिहिली जाते, ती निरुपयोगीच होय, असा पुष्कळ शेतकरी बंधूंचा समज असतो. तो खरा नाहीं. उतारावर झाडी असली म्हणजे पावसाचें पाणी सावकाश मुरतें, खालच्या शेतांत दगडगोटे उतरत नाहींत, व किडी टिपणाऱ्या पक्ष्यांस आसरा मिळतो.

या कामीं नाशिक शहराचें उदाहरण पाहण्याजोगें आहे. सातपूरजवळ वनखात्याच्या डोंगराळ जमिनीवर ता. ५ जून २०१५ रोजीं "आपलं पर्यावरण" या संस्थेच्या पुढाकारानें नागरिकांनीं एका दिवसांत दहा हजारांहून अधिक देशी रोपें लाविलीं. देवाच्या नांवानें राखलेल्या जुन्या रानांवरून त्या जागेस "देवराई" म्हणतात. लावणी एका दिवसांत झाली. परंतु पाणी घालणें व वणव्यापासून राखणें हें काम पुढें वर्षानुवर्षें करावें लागलें. आम्हांस घेण्यासारखा धडा हाच आहे.

१. प्रथम राखण. रोपें आणण्यापूर्वीं एक वर्ष चराई व तोड बंद करून पहावें. पळस, साग, धावडा यांचे जुने बुंधे आपोआप फुटतात. त्यांस पाणी लागत नाहीं. गवत कापून गुरांस घालावें.

२. जाती. ओढ्याकांठीं अर्जुन, उंबर, करंज. उतारावर बेहडा, शिवण, बहावा, खैर. कडेनें करवंद व बोर. गिरिपुष्प हिरवळीच्या खतास उत्तम, म्हणून तें बांधावर असावें. सबंध डोंगर त्यानेंच भरूं नये.

३. बी. पळस व करंज यांचें ताजें बी पहिल्या पावसांत जागेवरच टोकावें. बहाव्याच्या बियांचें कवच कठीण असतें. त्यांवर कढत पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवाव्या.

४. वणवा. दिवाळीनंतर गवत वाळूं लागतांच सभोंवार दहा-पंधरा फूट रुंदीची जाळरेषा साफ करावी, व होळीपूर्वीं ती पुन्हां पहावी.

यांत शेजाऱ्याचा संबंध मोठा आहे. बांधावरील गवत पेटविलें, वारा फिरला, म्हणजे तीन-चार वर्षांचें काम एका दुपारीं जातें. यास्तव एका शिवारांतील खातेदारांनीं एकत्र बसून दोन गोष्टी ठरवाव्या: बांध जाळावयाचे नाहींत, आणि धूर दिसतांच प्रत्येक घरांतून एकानें ओल्या फांद्या घेऊन निघावयाचें. रोपांची मागणी त्यानंतर करावी.