छातीचा आवाज थांबला तेव्हा

चतुर्थी जवळ आली की मालवणच्या किनाऱ्यावर दमेकऱ्यांचे हाल सुरू होतात. पावसाळाभर बंद असलेल्या खोल्या उघडतात, भिंतींवरची बुरशी घासली जाते, नव्या रंगाचा वास घरभर कोंडतो आणि न्हाणीत ओल्या चुडतांचा धूर असतोच. अशाच एका रात्री सुकी मासळी विकणाऱ्या एका काकींना घरच्यांनी माझ्या दवाखान्यात आणलं. "मगाशी छाती वाजत होती, डॉक्टरानू. आता आवाज बंद झालो," मुलगा म्हणाला. त्याला वाटत होतं, उतार पडला.

स्टेथोस्कोप लावला तर खरंच काही ऐकू येईना. श्वासनळ्या इतक्या आवळल्या होत्या की घुरघुर व्हायलाही हवा हलत नव्हती. काकींना एक अख्खं वाक्य बोलता येत नव्हतं. ऑक्सिजन, स्पेसरमधून सालब्युटामॉल, स्टिरॉइड असं सगळं चालू ठेवत 108 च्या गाडीने त्यांना कसालमार्गे ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात हलवलं. त्या वाचल्या.

पुढच्या भेटीत त्यांनी औषधांची पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. सालब्युटामॉलचे रिकामे पंप, आणि दुसरीकडून लिहून मिळालेली, रोज ओढायच्या स्टिरॉइड कॅप्सूलची जवळपास भरलेली डबी. पहिल्या काही कॅप्सूल त्यांनी पाण्याबरोबर गिळल्या होत्या. मशीन कसं ओढायचं ते कुणी करून दाखवलंच नव्हतं. मग शेजारीण म्हणाली, "त्याची सवय लागतली." डबी बंद झाली. पुढे धाप लागली की कुठेतरी जाऊन सुई, आणि मधल्या काळात पंप.

जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत, पण दम्याच्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात, असा अंदाज आहे. मला तरी याचं मोठं कारण अशा पिशव्यांत दिसतं. 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' या संस्थेने 2019 साली स्पष्ट सांगितलं: मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवू नका, सोबत श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड हवंच. पंपाने नळ्या तेवढ्यापुरत्या उघडतात, आतली सूज तशीच राहते. सालब्युटामॉल म्हणजे गळक्या कौलाखाली ठेवलेलं भांडं. कौलं परतावीच लागतात. वर्षाला तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर मोठ्या झटक्याचा धोका वाढतो. महिन्याला एक संपत असेल तर जिवाचा. म्हणून गावातल्या डॉक्टरांनी आणि औषध दुकानदारांनीही पंप मोजावेत.

गर्दीच्या ओपीडीत हे जमतं. नंबर येईपर्यंत सिस्टरने चार प्रश्न विचारावेत: गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाला का, रात्री जाग आली का, पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का, कामात अडथळा आला का. एकालाही 'होय' आलं, तरी औषध वाढवण्याआधी रुग्णाला समोर मशीन ओढायला लावावं. पावडरचं मशीन जोरात आणि खोल ओढायचं, स्प्रेचा पंप सावकाश, मग दोन्हींत दहा सेकंद श्वास धरायचा. मी पाहिलंय, निम्मी चूक इथेच सापडते. स्पेसर परवडत नसेल तर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यावी. बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून पंप घट्ट बसवायचा, कडेने डिंक लावून फट बुजवायची आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. केपटाउनच्या डॉक्टरांनी मुलांवर हे तपासून 1999 मध्ये दाखवलं की अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकंच काम करते.

स्टिरॉइडच्या भीतीला टाळू नये, आकडे सांगावेत. रोज ओढायची मात्रा बहुधा 200 ते 400 मायक्रोग्रॅम. झटका आला की द्यावी लागते ती गोळी 40 मिलिग्रॅमची, म्हणजे वजनाने शंभरपट किंवा जास्तच. ओढून झालं की चूळ भरायची, म्हणजे तोंड येत नाही. हे ऐकल्यावर काकी म्हणाल्या, "मगे ह्या आधी कोणी सांगूक नाय?"

त्यांना मी मराठीत एक कार्ड लिहून दिलं: रोजचं औषध कोणतं, त्रास वाढला तर काय वाढवायचं, आणि बोलताना वाक्य तुटू लागलं, ओठ निळे पडले किंवा पंप घेऊनही आराम नसेल तर थेट 108. कार्ड दारामागे चिकटवलं, कारण त्यांना वाचता येत नाही आणि नातीला येतं. न्हाणीतली चूल मागीलदारी गेली. घर रंगवायचं असेल त्या दिवशी त्यांनी बहिणीकडे राहायचं ठरलं.

आता मी माझ्या सगळ्या दमेकऱ्यांना मे महिन्यात बोलावतो, 1 जूनला मासेमारी बंद होऊन होड्या वर ओढण्याआधी. तेव्हा हाताशी थोडे पैसे असतात आणि रस्ते कोरडे. बरं वाटतंय म्हणून येणार नाही म्हणणाऱ्यांना दोनदा फोन करतो. चतुर्थीपर्यंत पुरेल एवढं रोजचं औषध घरात आहे की नाही, ते त्याच भेटीत बघून घ्यावं.