दंड भरला म्हणजे सुटलो?

पालकहो,

गणपतीच्या मिरवणुकीत हाणामारी होते, कॉलेजच्या गेटवर भांडण पेटतं आणि पोलीस ठाण्यातून फोन येतो. मुलगा नुकताच अठराचा झालेला. पुढे कोर्टाच्या तारखा सुरू होतात. अशा वेळी कुणीतरी जाणता सल्ला देतो, "गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा." आपणही सुटकेचा निःश्वास टाकतो. पण कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषी ठरणंच, हे तेव्हा कुणी सांगत नाही.

ते कळतं काही वर्षांनी. पोरगं पहाटे उठून मैदानावर धावतं, पोलीस भरतीत मैदानी आणि लेखी दोन्ही पार करतं, यादीत नाव लागतं. मग भरायला साक्षांकन नमुना येतो. कधी अटक झाली होती का? गुन्हा दाखल झाला होता का? कोर्टाने शिक्षा किंवा दंड केला होता का? घरातलंच कुणी म्हणतं, "नाही लिही, कोण बघतंय!" चारित्र्य पडताळणीत पोलीसच बघतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितलंय, की कोवळ्या वयातला किरकोळ गुन्हा नोकरी देणारे दुर्लक्षित करू शकतात. पण माहिती दडवली तर लागलेली नोकरीही जाऊ शकते. म्हणून लेकराला खरं तेच लिहू द्या.

रॅगिंगचं तर याहून कडक आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजातून काढतात आणि पाच वर्षं दुसरीकडे कुठेही प्रवेश मिळत नाही.

कायदा कोवळ्या वयाला संधीही देतो. साध्या मारहाणीसारखा तडजोडीयोग्य गुन्हा समोरच्याच्या संमतीने रीतसर मिटला, तर मुलगा निर्दोष सुटतो. दोषी ठरलाच, तरी अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची विनंती करता येते. एकविसाच्या आतल्यांना शक्यतो तुरुंगात पाठवू नये, असंच त्यात म्हटलंय. अठराच्या आतल्यांना तर, गंभीर अपवाद सोडता, त्या गुन्ह्यामुळे पुढे अपात्र ठरवता येत नाही.

तेव्हा हात जोडून सांगणं आहे, घाईने कबुली देऊ नका. आधी वकिलाला विचारा. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा. आणि हे सगळं मुलांशी आजच बोला. त्यांच्या हातून चूक झालीच, तर पहिला फोन त्यांनी मित्राला न करता तुम्हाला करावा, एवढा भरवसा त्यांना द्या.