अर्ध्यावर दिलेला अभिप्राय

सध्या खेळत असलेल्या व्हिडिओ गेमविषयी मत देणे हे वरकरणी पुस्तकाविषयी किंवा चित्रपटाविषयी मत देण्यासारखेच भासत असले, तरी पुस्तक वाचून संपते, चित्रपट पाहून संपतो आणि मत दिल्यानंतर त्या दोहोंपैकी काहीही बदलत नाही. गेमविषयी मात्र तो संपण्याच्या कितीतरी आधी बोलले जाते, आणि ज्या गेमविषयी बोलले गेले तोच गेम पुढच्या महिन्यात तसाच असेल याची शाश्वती नसते. अशा मतावर विसंबून कोणी पैसे खर्च केले, तर होणारे नुकसान मत देणाऱ्याचे नसून ऐकणाऱ्याचे असते, आणि म्हणूनच असे मत कसे द्यावे व कसे ऐकावे याचा विचार करमणुकीच्या विषयातही अनाठायी ठरत नाही.

नागपूरच्या दक्षिणेस वर्धा मार्गालगत, खापरीच्या परिसरात वसलेला मिहान प्रकल्प या विचारासाठी सोयीचे क्षेत्र आहे. २००२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांसारख्या कंपन्यांची कार्यालये आहेत. भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या येथील कायमस्वरूपी संकुलाचे उद्घाटन मे २०२२ मध्ये झाले आणि एम्सचे लोकार्पण त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये. परिणामी पहिल्या-दुसऱ्या पगारावर असलेली, पाळ्यांमध्ये काम करणारी, घरापासून दूर खोली करून राहणारी तरुण मंडळी येथे एकत्र आली असून, त्यांच्यात गेमविषयीचे मत कॅन्टीनमध्ये, कंपनीच्या बसमध्ये आणि व्हॉट्सॲपच्या गटांत तोंडोतोंडी फिरते. ‘एक नंबर आहे, घेऊन टाक भाऊ’ किंवा ‘बकवास आहे, पैसे वाया’ एवढाच त्या मताचा मजकूर असतो. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने सांगितलेले हे वाक्य अनोळखी समीक्षकाच्या हजार शब्दांच्या लेखापेक्षा अधिक वजनदार ठरते, आणि धोकाही तेथेच आहे. पुढील विवेचन प्रस्तुत लेखकाने या मंडळींत वावरताना जे पाहिले त्यावर आधारलेले आहे.

मत देणाऱ्याने किती वेळ खेळून मत दिले, हा पहिला प्रश्न होय. संगणकावरील गेम विकणाऱ्या स्टीम या दुकानाने वापरकर्त्यांच्या प्रत्येक अभिप्रायाशेजारी त्या व्यक्तीने खेळलेले तास दाखविण्याची पद्धत ठेवली आहे, कारण तीन तास खेळणाऱ्याचा ‘उत्तम’ आणि तीनशे तास खेळणाऱ्याचा ‘उत्तम’ हे दोन वेगळे निवाडे आहेत. बहुतेक गेमचे पहिले दोन-तीन तास अतिशय काळजीपूर्वक रचलेले असतात: शिकवणी सोपी, बक्षिसे भराभर आणि दृश्ये देखणी. एकच काम पुन्हापुन्हा करून पात्राची ताकद वाढविणे, ज्याला खेळाडू ‘ग्राइंड’ म्हणतात, त्याचा कंटाळा पुढे कधीतरी सुरू होतो. कॅन्टीनमधील मत मात्र बहुधा पहिल्या रात्रीनंतरच्या दुपारी दिलेले असते. ‘काल रात्री चार तास खेळलो, आतापर्यंत आवडला’ असे म्हणायला फार वेळ लागत नाही. परंतु उत्साहात तेवढेच नेमके गळते.

याच स्टीमचा २०१५ पासूनचा परतावा-नियमही येथे ध्यानात ठेवावा लागतो. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि एकूण खेळ दोन तासांहून कमी झालेला असताना मागणी केल्यास पैसे परत मिळतात. मिहानमधील एका गटात एका सहकाऱ्याने मोठ्या जगाचा, देखण्या दृश्यांचा एक नवा गेम मनापासून वाखाणला आणि त्याच आठवड्यात गटातील काहींनी तो विकत घेतला. वाखाणणाऱ्याकडे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला डेस्कटॉप होता, घेणाऱ्यांकडे कार्यालयीन कामापुरते लॅपटॉप. गेम सुरू होई, पण अडखळत चाले. ‘सेटिंग कमी करून पाहा’, ‘ड्रायव्हर बदलून पाहा’ अशा सल्ल्यांत दोन तासांची मर्यादा उलटून गेली आणि पैसे अडकले. कोणी खोटे बोलले नव्हते, गेमही वाईट नव्हता. फक्त मताबरोबर यंत्राचे नाव आले नव्हते. या प्रसंगातून घ्यावयाची सावधगिरी दुहेरी आहे: सांगणाऱ्याने आपले यंत्र सांगावे, आणि घेणाऱ्याने दुकानाच्या पानावरील किमान आवश्यकता वाचून, पहिला तास-दीड तास हा केवळ चाचणीचा मानून, गेम नीट चालत नसेल तर दुरुस्तीच्या मागे न लागता थेट परतावा मागावा.

हा घोळ एका गटापुरता नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा प्रकाशनापूर्वी समीक्षकांना केवळ संगणकावरील आवृत्ती देण्यात आली होती आणि त्यांची परीक्षणे बरीचशी अनुकूल होती. जुन्या प्लेस्टेशन ४ वर तो विकत घेणाऱ्यांच्या वाट्याला मात्र असा गेम आला की प्रकाशनानंतर आठवडाभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि जून २०२१ पर्यंत परत ठेवला नाही. व्यावसायिक समीक्षेत जे घडले ते कॅन्टीनमध्ये रोज घडते, इतकेच.

मोबाइलच्या बाबतीत यंत्राला नागपूरची एक खास पुरवणी जोडावी लागते. फोनचा प्रोसेसर ठरावीक तापमानापलीकडे गेला की स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग कमी करतो. यालाच ‘थर्मल थ्रॉटलिंग’ म्हणतात, आणि खेळाडूला ते दृश्य अडखळण्याच्या रूपात दिसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, कूलर नसलेल्या खोलीत, चार्जर लावलेल्या फोनवर खेळून ‘नव्या अपडेटने गेम बिघडवला’ असे मत देणारे दरवर्षी निघतात. त्यांतील काहींचा तोच फोन तोच गेम डिसेंबरात सुरळीत चालवितो. या मतात गेमची चूक किती आणि विदर्भाच्या उन्हाळ्याची किती, हे फोन गार करून, चार्जर काढून पुन्हा एकदा खेळल्याशिवाय ठरविता येत नाही.

जोडणीविषयीही असेच म्हणता येते. ‘लॅग’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या तक्रारी सर्रास एकत्र केल्या जातात: चित्र अडखळणे, ज्याचे कारण यंत्रात असते, आणि ‘पिंग’ वाढणे, म्हणजे खेळाडूची आज्ञा सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत येण्यास लागणारा वेळ वाढणे, ज्याचे कारण जाळ्यात असते. सर्व्हर मुंबईत आहे असे धरले, तर नागपूर-मुंबई अंतर सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर असून प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. त्यामुळे जाण्यायेण्याचा शुद्ध वेळ दहा मिलिसेकंदांच्याही आत बसतो, आणि तारांची वळणे व मधली यंत्रे धरली तरी तो काही पटींपलीकडे जाण्याचे कारण नाही. पिंग शंभराच्या वर दिसत असेल, तर बहुधा चार जणांत वाटलेला वायफाय, गर्दीच्या वेळचा मोबाइल टॉवर किंवा गेमने निवडलेला परदेशातील सर्व्हर हे कारण असते. तार लावून एकदा तपासल्याशिवाय गेमला ‘बकवास’ ठरविणे उतावीळपणाचे आहे, आणि असा उतावीळपणा माहिती-तंत्रज्ञानात नोकरी करणाऱ्यांकडूनच अधिक होतो, हे थोडे मौजेचे आहे.

त्यानंतर काळाचा प्रश्न येतो. पब्जी मोबाइलवर भारतात २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या कंपनीने तोच खेळ बीजीएमआय या नावाने भारतापुरता आणला. जुलै २०२२ मध्ये तोही ॲप-दुकानांतून हटविला गेला आणि मे २०२३ मध्ये अल्पवयीनांना दिवसाला तीन तास व प्रौढांना सहा तास अशा मर्यादेसह परतला. नकाशे, शस्त्रे आणि नियम प्रत्येक टप्प्यावर थोडेथोडे बदलत गेले असताना, २०१९ मध्ये वसतिगृहात बनलेले मत आज नोकरीच्या ठिकाणी जसेच्या तसे सांगणारे भेटतात. उलट दिशेचे उदाहरण ‘नो मॅन्स स्काय’चे आहे: ऑगस्ट २०१६ मध्ये तो आला तेव्हा आश्वासने अपुरी राहिल्याने स्टीमवर त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला, पण निर्मात्यांनी वर्षानुवर्षे विनामूल्य भर घातली आणि २०२४ च्या अखेरीस त्याच दुकानावरील त्याचा एकूण निवाडा ‘अत्यंत अनुकूल’ या श्रेणीत पोहोचला. म्हणून मतासोबत महिना आणि शक्य असल्यास आवृत्तीचा क्रमांक असावा. आणि ज्याने मत दिले त्यानेच, गेम बदलल्यावर, आपले जुने मत मागे घेण्याची तसदी घ्यावी. ही शेवटची गोष्ट फारच थोडे जण करतात.

‘कठीण’ आणि ‘सोपा’ ही विशेषणे तर सावजी रश्श्याच्या तिखटपणासारखी आहेत. ती पदार्थापेक्षा जिभेविषयी अधिक सांगतात. २०२२ मध्ये आलेला ‘एल्डन रिंग’ कोणाला अशक्य वाटतो, तर त्याच कंपनीचे आधीचे गेम खेळलेल्याला सुसह्य. याआधी कोणते गेम खेळून झाले आहेत हे सांगितले, की ऐकणारा आपला अंदाज आपण बांधतो. कथानकाचा उलगडा न सांगण्याविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही. ते सौजन्य सर्वांना ठाऊक आहे, पाळले जात नाही इतकेच.

नशिबाची बाब मात्र सविस्तर पाहावी लागते, कारण येथे प्रामाणिक मतही दिशाभूल करते. ‘गाचा’ पद्धतीच्या गेममध्ये खेळाडू चलन खर्चून सोडत काढतो आणि कोणते पात्र मिळेल हे यदृच्छेवर अवलंबून असते. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये पंचतारांकित पात्र मिळण्याची मूळ शक्यता प्रत्येक सोडतीस ०.६ टक्के आहे आणि नव्वदाव्या सोडतीपर्यंत ते मिळण्याची हमी आहे. ज्याला दहाव्या सोडतीत ते मिळाले तो गेमला उदार म्हणतो, ज्याला हमीपर्यंत थांबावे लागले तो लुटारू म्हणतो, आणि दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक असतात. गटात बोलका कोण असतो, याचेही उत्तर ठरलेले आहे: मिळालेल्या पात्राचे स्क्रीनशॉट टाकले जातात, न मिळालेल्याचे कोणी टाकत नाही. म्हणून अशा गेमविषयी मत देताना स्वतःला काय मिळाले याऐवजी किती रुपये खर्च झाले ते सांगणे अधिक उपयुक्त, आणि ऐकणाऱ्याने गेममध्ये प्रसिद्ध केलेली शक्यता पाहावी.

देशी गेमविषयीची मते आणखी एका कारणाने डळमळतात. २६ जानेवारी २०२१ रोजी आलेल्या ‘फौजी’त आरंभी केवळ कथानकाचा खेळ होता, अनेकांना अपेक्षित असलेली सर्वांविरुद्ध सर्वांची लढाई त्यात नव्हती, आणि अभिमानाने दिलेले पाच तारे आणि अपेक्षाभंगाने दिलेला एक तारा यांच्यात प्रत्यक्ष खेळाचे मूल्यमापन हरवून गेले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’च्या वाट्यालाही ‘आपला आहे म्हणून घ्या’ ही शिफारस पुष्कळ आली. वास्तविक त्यातील वास्तुशिल्पाची कल्पकता आणि लढाईतील त्रुटी ही दोन्ही स्वतंत्रपणे सांगितली गेली असती, तर खेळाडूला आणि निर्मात्यांनाही त्याचा अधिक लाभ झाला असता. आपलेपणाने दिलेली सूट ही निर्मात्याला मदत ठरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मतामागे स्वार्थ असेल तर मात्र विषय गंभीर होतो. पैसे लावून खेळण्याच्या ॲपांची शिफारस मिहानमधील गटांतही होत असे, आणि ‘ॲप चांगले आहे, पैसे लगेच खात्यात येतात’ या वाक्याखाली बहुधा एक रेफरल कोड असे, ज्यातून नवा खेळाडू आला की सांगणाऱ्याला बक्षीस मिळे. ते बक्षीस उघड न केल्याने जाहिरात मैत्रीच्या मताच्या वेषात फिरली, आणि जिंकलेल्या रकमांचे स्क्रीनशॉट गटात दिसत राहिले, तर हरलेल्यांनी उसने पैसे खासगी संदेशांतून मागितले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात पैसा, सवलत, भेटवस्तू, इतकेच नव्हे तर नोकरीचे नाते यांपैकी काहीही असल्यास ते स्पष्ट सांगावे असे म्हटले आहे. ते प्रसिद्ध व प्रभावी व्यक्तींसाठी असले, तरी पन्नास जणांच्या गटात विश्वासाचा माणूस हाही प्रभावीच असतो. आणि ज्याची कंपनी एखाद्या गेम-कंपनीचे काम करते, त्याने तर त्या गेमविषयी मत देण्यापूर्वी आपला गोपनीयतेचा करारही वाचून पाहावा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे गेम यांना वेगळे काढून, पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन गेमना मनाई केली. असे गेम चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास वा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर त्यांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास वा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद त्यात आहे. केवळ खेळणाऱ्यास शिक्षा सांगितलेली नाही. जाहिरातीची व्याप्ती प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष प्रोत्साहनापर्यंत जात असल्याने, कोडासह केलेली शिफारस ही आता केवळ अशिष्टपणाची बाब मानता येणार नाही. मोठ्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा थांबविल्या असल्या, तरी परदेशांतून चालणाऱ्या ॲपांचे दुवे अधूनमधून गटांत येतात. अशा वेळी गटाच्या ॲडमिनने तो संदेश सर्वांसाठी पुसून टाकावा आणि पाठविणाऱ्या सहकाऱ्याला गटात न बोलता वेगळे गाठून, त्यात त्याला काय मिळते ते विचारावे.